खांद्यावर बसलेला वाद्यवृंद संचालक

एक माणूस भिंतीवरून उडी मारतो आणि खाली उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या नेमका खांद्यावर येऊन पडतो. पटकथेत होतं ते एवढंच. मग वरच्यानं उतरायचं आणि दोघांनी पुढं निघायचं. पण वरचा उतरलाच नाही. लुई द फ्युनेस खांद्यावर ठाण मांडून बसला, तिथूनच हातवारे करत बोलू लागला, आणि खाली बुरविल, जणू हे असंच व्हायचं होतं अशा चेहऱ्यानं, त्याला घेऊन चालत राहिला. दिग्दर्शक जेरार उरीनं ते तसंच ठेवलं. पुढं हीच छबी चित्रपटाची ओळख बनली. फ्रान्समध्ये ती न ओळखणारा माणूस सापडणं अवघड आहे.

चित्रपटाचं नाव 'ला ग्रांद वाद्रूय'. वाद्रूय म्हणजे उगाच हिंडणं, उंडारणं. तेव्हा मराठीत 'मोठी उंडारकी' म्हणता येईल. ८ डिसेंबर १९६६ ला तो फ्रान्समध्ये लागला आणि त्याची तिथं सुमारे १ कोटी ७२ लाख तिकिटं खपली. त्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या ५ कोटींच्या आत होती. स्वतःच्या देशात सर्वाधिक पाहिलेला फ्रेंच चित्रपट हा मान त्याच्याकडं २००८ पर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं राहिला.

आता गंमत अशी की हा चित्रपट जर्मनव्याप्त फ्रान्सबद्दल आहे. पॅरिस मुक्त झालं ते ऑगस्ट १९४४ मध्ये. चित्रपट आला त्याला जेमतेम बावीस वर्षं झाली होती. थिएटरात बसलेल्या चाळिशीतल्या प्रत्येक माणसानं ते दिवस स्वतः काढलेले. कुणाचा भाऊ जर्मनीतल्या कैद्यांच्या छावणीत राहून आलेला, कुणाचा परत आलाच नाही. मग ही माणसं पोट धरधरून हसली ती कशावर? मला या चित्रपटाबद्दल खरं कुतूहल आहे ते याच गोष्टीचं. ते समजायला आधी त्या काळात थोडं डोकावावं लागतं.

१४ जून १९४० ला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. आठ दिवसांनी फ्रान्सनं युद्धविरामावर सही केली. देशाचे दोन तुकडे झाले. उत्तरेचा भाग आणि सगळा अटलांटिक किनारा थेट जर्मनांच्या ताब्यात गेला. दक्षिणेत मार्शल पेतँचं विशी सरकार, नावाला स्वतंत्र. मधून गेलेल्या रेषेला 'सीमांकन रेषा' म्हणत. ती गावांमधून, शेतांमधून, नदीच्या पुलांवरून जायची. ओलांडायची तर जर्मन परवाना हवा. पॅरिसची घड्याळंसुद्धा बर्लिनच्या वेळेला लावली गेली होती.

पत्राचंच बघा. सुरुवातीला एका भागातून दुसऱ्या भागात नेहमीसारखं पत्र पाठवता येत नसे. छापील कार्ड मिळे. त्यावर शब्द आधीच लिहिलेले असत: 'तब्येत चांगली', 'थकलेला', 'आजारी', 'जखमी', 'ठार', 'कैदेत'. लागू नसेल ते खोडायचं आणि टपालपेटीत टाकायचं. आईनं मुलाला लिहायचं तेही अशाच कार्डावर. हे कार्ड डोळ्यांसमोर ठेवलं की त्या रेषेचा धाक कळतो. चित्रपटातली सगळी पळापळ ही रेषा ओलांडून पलीकडं जाण्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट एका जाहीर सूचनेची. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन लष्करानं पॅरिसच्या भिंतींवर पत्रकं लावली. शत्रूच्या विमानातून पॅराशूटनं उतरलेल्या वैमानिकाला मदत करणाऱ्या पुरुषाला जागच्या जागी गोळी घालू, बाईला छळछावणीत पाठवू, आणि पकडून देणाऱ्याला १०,००० फ्रँकपर्यंत बक्षीस. तरीही लोकांनी मदत केली. 'कॉमेट' नावाची एक साखळी ब्रुसेल्सपासून पॅरिसमार्गे पिरेनीज डोंगरापर्यंत चालायची. आंद्रे द जाँग या बेल्जियन तरुणीनं ती १९४१ मध्ये उभी केली. शेकडो माणसं त्या वाटेनं सुटली. ही साखळी चालवणारे कितीतरी जण पकडले गेले, मारले गेले. आंद्रे स्वतः जानेवारी १९४३ मध्ये पकडली गेली आणि जर्मनांच्या छळछावण्यांतून जिवंत परत आली.

हा पाया पक्का ठेवून आता कथा बघू.

१९४२. ढगांत वाट चुकलेलं ब्रिटिश बॉम्बर विमान खाली येतं तर समोर पॅरिस. तोफा सुटतात, विमान पडतं, तिघं पॅराशूटनं उतरतात. त्यांचा म्होरक्या, भरघोस मिशांचा सर रेजिनाल्ड, वँसेनच्या प्राणिसंग्रहालयात सीलच्या तलावात पडतो. दुसरा एका इमारतीवर रंगकाम करणाऱ्याच्या झुल्यावर आदळतो आणि रंग थेट खालच्या जर्मन अधिकाऱ्याच्या अंगावर जातो. तिसरा उतरतो पॅरिसच्या ऑपेरा गार्निए या नाट्यगृहाच्या छतावर, जिथं आत वाद्यवृंदाची तालीम चाललेली आहे. रंगारी ओग्युस्तँ बुवे म्हणजे बुरविल. संचालक स्तानिस्लास लफोर म्हणजे द फ्युनेस. यातल्या एकालाही लढायचं नाहीये. एकाला भिंत रंगवायची आहे, दुसऱ्याला संगीतकार बर्लियोझ नीट वाजवून घ्यायचा आहे. युद्ध त्यांच्या डोक्यावर येऊन पडलं, अगदी शब्दशः.

आणि इथंच या हसण्याचं मूळ आहे असं मला वाटतं. त्या पत्रकामुळं क्षणात दोघांच्याही गळ्याला फास लागलाय. शूर असते तर वीरकथा झाली असती. हे घाबरतात, कुरकुरतात, एकमेकांवर खेकसतात, आणि तरी वैमानिकाला सोडून देत नाहीत. १९६६ च्या प्रेक्षकानं पडद्यावर स्वतःला पाहिलं: भ्यायलेलं, भुकेलेलं, पण शेवटी योग्य बाजूला उभं राहिलेलं. प्रत्यक्षात तो त्या बाजूला उभा होता का, हा प्रश्न निराळा. त्याकडं येतोच.

आधी या दोघांबद्दल सांगू द्या, कारण खरी श्रीमंती तिथं आहे.

बुरविलचं खरं नाव आंद्रे रँबूर. जन्म १९१७, नॉर्मंडीतला. वडील पहिल्या महायुद्धानं नेले, मुलगा शेतावर वाढला. ज्या बुरविल गावात वाढला त्याचंच नाव त्यानं रंगभूमीसाठी घेतलं. लोकांनी त्याला ओळखलं ते भाबडा खेडूत म्हणून: कपाळावर आलेले केस, अडखळणारं बोलणं, समोरच्यावर चटकन विश्वास. या भाबडेपणाच्या आत फार बारीक काम चालायचं. बुरविल ऐकतो कसा हे बघत राहावं. समोरचा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर ते बोलणं हळूहळू पोहोचतं, मग त्याला त्याचा अर्थ लागतो, मग थोडं वाईट वाटतं, आणि मग तो माफही करून टाकतो. एकही शब्द न बोलता.

द फ्युनेस नेमका उलटा. १९१४ चा जन्म, पॅरिसला लागून असलेल्या कूर्बव्वामधला. आईवडील स्पेनमधल्या सेव्हिलाहून आलेले. युद्धाच्या काळात, म्हणजे हा चित्रपट ज्या पॅरिसबद्दल आहे त्याच पॅरिसमध्ये, तो बारमध्ये रात्र रात्र पियानो वाजवून पोट भरत होता. सिनेमात दोन-चार मिनिटांच्या भूमिका करत वर्षानुवर्षं घालवली. मोठं यश मिळालं तेव्हा पन्नाशी आली होती. त्याचा राग हा एखाद्या यंत्रासारखा चालतो. आधी नाक फुरफुरतं, मग मान ताठ होते, मग हात सुटतात, मग तोंडातून शब्दांऐवजी नुसते आवाज येतात. त्याची पात्रं वरच्यापुढं लवतात आणि खालच्यावर गुरकावतात. साहेब आला की आवाजात मध, गेला की त्याच तोंडानं शिपायावर जाळ. ऑफिसात नोकरी केलेल्या कुणालाही हा माणूस अनोळखी नाही.

दोघांना एकत्र बांधायचं शहाणपण उरीचं. त्याआधी १९६५ मध्ये 'ल कॉर्निओ' या चित्रपटात त्यानं हे करून पाहिलं होतं, आणि त्यालाही १ कोटीवर प्रेक्षक आले. 'वाद्रूय'मध्ये त्यानं दोघांना जणू एका दोरीला बांधलं. मुलगी डॅनिएल थॉम्पसन आणि मार्सेल ज्युलियाँ यांच्यासोबत लिहिलेली ही पटकथा म्हणजे पाहुण्याच्या घरी संचालक आणि रंगारी यांना एका पंगतीत बसवण्यासारखी आहे. शांततेच्या काळात स्तानिस्लासनं ओग्युस्तँकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. आता रस्ता एक, संकट एक.

बुटांचा प्रसंग घ्या. दोघं पायी चाललेत. स्तानिस्लासचे उंची बूट पायाला चावतात. तो लंगडतो, कण्हतो, मग ओग्युस्तँच्या पायांकडं बघतो आणि विचारतो, तुमचं माप काय हो? बस. पुढं काय होणार ते प्रेक्षकाला तिथंच कळतं. थोड्या वेळात संचालक रंगाऱ्याच्या बुटांत ऐटीत चाललाय आणि रंगारी मागून पाय घासत येतोय. यात खरं काम बुरविलचं आहे. तो 'नाही' म्हणू शकतो. त्याच्या चेहऱ्यावर ते 'नाही' येऊनही जातं. मग समोरच्याचे हाल बघून तो वाकतो आणि नाड्या सोडतो. वर्गभेदावर मोठमोठी भाषणं ऐकली, पण त्या वाकण्याइतकं नेमकं काही मला आठवत नाही. खांद्यावर बसण्याचा प्रसंगही याच सुरातला. द फ्युनेसनं ते तिथल्या तिथं केलं खरं, पण ते शोभलं, कारण सगळा चित्रपट तेच तर सांगत होता.

दुसरा प्रसंग ऑपेरातला. उरीला खरा ऑपेरा गार्निए हवा होता, खरा वाद्यवृंद हवा होता. द फ्युनेसला संगीत येत होतं, पण पियानो वाजवणं वेगळं आणि शंभर वादकांना हातानं हाकणं वेगळं. तो कित्येक आठवडे आरशासमोर उभा राहून सराव करत होता. पडद्यावर बघा, छडी ठेक्यावर पडते, डावा हात नेमक्या वाद्यांना आत घेतो, आणि विनोद त्या अचूकपणातूनच उगवतो. शॉट संपल्यावर वादकांनी गज आपटून त्याला दाद दिली. संचालकाला वादक देतात तशी.

वाजतंय काय? बर्लियोझचा 'हंगेरियन मार्च', १८४६ सालच्या 'फाउस्टचा शाप' या रचनेतला. कथा जर्मन, गटेची. संगीतकार फ्रेंच. आणि धून मुळात राकोत्सीची, म्हणजे परक्या सत्तेविरुद्ध उठलेल्या हंगेरियन बंडखोराच्या नावानं ओळखली जाणारी. प्रेक्षागृहात गणवेशातले जर्मन अधिकारी माना डोलावतायत आणि समोर त्यांच्या नाकावर टिच्चून बंडाची धून चाललीय. उरीनं हे मुद्दाम निवडलं की नाही, मला पर्वा नाही. ऐकताना अंगावर काटा येतो.

या चित्रपटात भाषेची केलेली मजाही वेगळी आहे. जर्मन जर्मनच बोलतात, इंग्रज इंग्रजीच. वैमानिकांची एकमेकांना खूण आहे 'टी फॉर टू' या गाण्याची शीळ. भेटायचं ठिकाण तुर्की हमाम. आता होतं असं की वैमानिकांच्या जागी हे दोघं फ्रेंच तिथं पोहोचतात. वाफेत, पंचे गुंडाळून, मोठ्या मिशांच्या माणसाला शोधत. आणि मिशा तर सर रेजिनाल्डनं काढून टाकल्यात. दोघंही समोरच्याला इंग्रज समजून मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात. बोलता बोलता एकाची जीभ घसरते आणि दुसऱ्याला उजेड पडतो: अरे, म्हणजे तुम्ही फ्रेंच! ते वाक्य मूळ चित्रपटात निम्मं इंग्रजी, निम्मं फ्रेंच आहे, आणि फ्रान्समध्ये आजही लोक एकमेकांना ते ऐकवतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं फ्रेंच त्यांच्या इंग्रजीइतकंच मोडकं होतं, त्यामुळं तो संवाद मला जन्मभर पुरेल इतका समजला.

शब्दांच्या कोट्या मात्र दुसऱ्या भाषेत येत नाहीत. शेवटी ग्लायडरमध्ये बसल्यावर लक्षात येतं की याला पुढं फिरणारा पंखाच नाही, आणि तिथली कोटी फ्रेंचमधल्या 'एलिस' म्हणजे पंखा आणि 'एलास' म्हणजे अरेरे या दोन शब्दांवर उभी आहे. कानाला ते जवळजवळ सारखे वाटतात. मराठीत समजावता येतं, हसवता येत नाही.

सर रेजिनाल्ड झालेला टेरी-थॉमस हा ब्रिटिश विनोदी नट. पुढच्या दातांतली फट आणि खानदानी उच्चार हे त्याचं भांडवल. भोवती सगळा गोंधळ चालू असताना तो चहाची वेळ झाल्यासारखा वावरतो. जर्मन मेजर आखबाख झालेला बेनो स्टेर्झेनबाख ओरडतो भरपूर, पण त्याचा खरा कस लागतो हॉटेलात. बर्गंडीतल्या मर्सो गावात रात्रीचा मुक्काम. खोलीच्या दारावरचा ६ आकडा खिळा सैल होऊन फिरतो आणि ९ होतो. स्तानिस्लास अंधारात आपला समजून ज्या पलंगावर येतो तिथं घोरतोय मेजर. त्याला वाटतं हा ओग्युस्तँच. मग त्याचं घोरणं थांबवायचे सगळे घरगुती उपाय सुरू होतात. ज्या माणसाच्या एका शब्दावर गोळी लागू शकते, त्यालाच हा झोपेत गप्प करतोय. या प्रसंगात एकही विनोदी वाक्य नाही. आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, एवढ्यावर सगळं चालतं.

पुढं बोनचं जुनं धर्मादाय रुग्णालय येतं, १४४३ मध्ये स्थापन झालेलं, रंगीत कौलांचं, स्वतःच्या द्राक्षमळ्यांच्या वाइनसाठी प्रसिद्ध. तिथली जोगीण वाइनच्या पिंपांत माणसं लपवून नेते. मोटारसायकलवरून पाठलाग करणाऱ्या जर्मनांवर गाडीतून लाल भोपळे फेकले जातात. आणि शेवटी तिरळा जर्मन तोफची नेम धरतो एकीकडं आणि पाडतो आपलंच विमान. हा उत्तरार्ध मला थोडा सैल वाटतो. पण थिएटरात भोपळ्यांना काय टाळ्या पडल्या असतील याची कल्पना करता येते.

आता तो मागं ठेवलेला प्रश्न. या चित्रपटातला फ्रान्स फार चांगला आहे. जोगीण मदत करते, हॉटेलवाली मदत करते, कठपुतळ्यांचा खेळ करणाऱ्याची नात जुलिएत मदत करते. खबरे नाहीत. विशीचे पोलीस वैमानिकांच्या मागावर नाहीत. ज्यू तर नाहीतच. कथा १९४२ ची आहे, आणि त्याच वर्षी १६ आणि १७ जुलैला याच पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी १३,००० च्या वर ज्यू बायका, पुरुष आणि मुलं घरांतून उचलली. त्यातली पुष्कळशी आधी एका सायकल शर्यतीच्या स्टेडियममध्ये कोंडली आणि मग ऑशविट्झला रवाना केली. चित्रपटात याचा मागमूस नाही.

हा दोष एकट्या उरीचा नव्हता. युद्धानंतर फ्रान्सनं स्वतःला एक गोष्ट सांगितली होती: थोडे गद्दार सोडले तर सगळा देश मनानं प्रतिकारात होता. प्रतिकाराचा नेता आणि पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या द गॉलला मोडलेला देश सांधायचा होता, त्याला ही गोष्ट उपयोगी पडली. १९६३ मध्ये जर्मनीशी मैत्रीचा करार झाला, तेव्हा जर्मन शिपाई राक्षस असण्यापेक्षा वेंधळा असणंही सोयीचं होतं. 'वाद्रूय' त्या गोष्टीतला सर्वांत प्रेमळ अध्याय. गोष्टीला तडा गेला तो सत्तरच्या दशकात, माहितीपट आणि इतिहासकार यांच्यामुळं. राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जुलै १९४२ च्या त्या धरपकडीची जबाबदारी फ्रान्सच्या वतीनं उघडपणे मान्य केली ती १९९५ मध्ये.

पण या दोन नटांनी दुसरी बाजूही दाखवली होती, आणि तीही दहा वर्षं आधी. १९५६ च्या 'ला त्राव्हेर्से द पारी'मध्ये बुरविल काळ्या बाजाराचा हमाल आहे. डुकराचं मांस बॅगांत भरून रात्रीच्या पॅरिसमधून पायी पोहोचवायचं. त्यातला नफेखोर वाणी म्हणजे द फ्युनेस. वाणी तळघरात डुक्कर मारतो आणि त्याचं किंचाळणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बुरविल जोरजोरात अकॉर्डियन वाजवतो. हसूही येतं आणि मळमळतंही. त्या भूमिकेसाठी बुरविलला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रेक्षकांना ही बाजू ठाऊक नव्हती असं म्हणता येत नाही. ती माहीत असूनही दहा वर्षांनी त्यांना 'वाद्रूय' हवासा वाटला.

आणि उरी? तो स्वतः ज्यू. युद्ध सुरू झालं तेव्हा तरुण नट होता, कोमेदी-फ्रान्सेझ या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत. ज्यूविरोधी कायदे आले आणि ती जागा गेली. तो दक्षिणेकडं सरकत गेला. डॅनिएलचा जन्म जानेवारी १९४२ मध्ये मोनाकोत झाला. तिथून पुढं सरहद्द ओलांडून तो स्वित्झर्लंडला पोचला. म्हणजे रेषा ओलांडणं, गणवेश दिसला की काळजाचा ठोका चुकणं, ओळखीच्या खुणा, खोटी नावं, हे त्याला कुणाकडून ऐकावं लागलं नव्हतं. त्यानं स्वतःच्या पळण्याची गोष्ट चित्रपटात घातली नाही. ती एका रंगाऱ्याला आणि एका संचालकाला देऊन टाकली, आणि पटकथा लिहिताना शेजारी बसवली ती पळापळीच्या वर्षात जन्मलेली मुलगी. त्याला जे वगळायचं होतं ते त्यानं अजाणतेपणी वगळलं असं मी म्हणणार नाही. हसवणं ही त्यानं केलेली निवड होती. ज्यू माणूस आणि त्याच्याबद्दलचा आकस हा विषय तो सात वर्षांनी, १९७३ मध्ये, 'राबी जाकोब'मध्ये थेट घेऊन आला, आणि तिथंही पुढं केला द फ्युनेसलाच.

मधल्या काळात त्याला ही जोडी पुन्हा आणायची होती. पुढची कथा दोघांसाठीच होती: स्पेनच्या दरबारातला लोभी मंत्री आणि त्याचा नोकर. पण बुरविलला हाडांच्या मगजाचा कर्करोग झाला होता. २३ सप्टेंबर १९७० ला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला. नोकराची भूमिका नव्यानं लिहून इव्ह माँतांला दिली गेली. चित्रपट चांगलाच चालला.

बुरविल आजारपणातही काम करत राहिला. त्याचे दोन चित्रपट तो गेल्यावर, ऑक्टोबर १९७० मध्ये, काही दिवसांच्या अंतरानं लागले. एकात तो घरी मांजरं पाळणारा, एकटा, गंभीर पोलीस अधिकारी आहे, आणि नामावलीत त्याचं नाव एरवीसारखं नुसतं 'बुरविल' न येता 'आंद्रे बुरविल' असं आलंय. दुसरा नॉर्मंडीत घडतो, त्याच्या स्वतःच्या मुलखात. जर्मन आलेले आहेत, एक ब्रिटिश वैमानिक आहे, आणि बुरविल आहे एक साधा खाणावळवाला, ज्याला या भानगडीत अजिबात पडायचं नाहीये.